टाकीतल्या पिसासारख्या वनस्पतीची पाने खालून गळत आहेत

निळी शाई (पुणे)

नमस्कार.

माझ्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी आहे. तिच्यात आठ गप्पी मासे आणि दहा-बारा चेरी कोळंब्या आहेत. तळाशी बारीक वाळूचा सुमारे ५ सेंटिमीटर जाडीचा थर आहे, वर १८ वॅटचा एलईडी दिवा आहे आणि कोपऱ्यात हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर आहे. आतापर्यंत मी केवळ जावा मॉस आणि अनुबियास या पाणवनस्पतींवर समाधान मानले होते. परंतु मागच्या भिंतीलगत पिसाऱ्यासारखी हिरवी झालर असावी, अशी फार दिवसांची इच्छा होती. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला दुकानातून ‘काबोम्बा’ या नावाने तीन जुड्या आणल्या. दुकानदाराने प्रत्येक जुडीच्या बुडाला शिशाची पट्टी गुंडाळून दिली होती. मी त्या तशाच वाळूत खोचल्या.

पहिले चार दिवस झाडे फार देखणी दिसली. त्यानंतर खालची पाने तपकिरी होऊन सुईसारखे तुकडे गळू लागले. बाराव्या दिवशी काड्या अर्ध्यापर्यंत उघड्या पडल्या होत्या आणि गळालेल्या पानांनी फिल्टरचा स्पंज भरून गेला होता. आश्चर्य म्हणजे तिसऱ्या जुडीला फारसे काही झाले नाही. तिचे शेंडे तेवढे फिकट पिवळे पडले आहेत.

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी येते. माझ्या मोजणीनुसार टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ७८० आणि सामू (पीएच) ८.२ आहे. दुपारी टाकीतील पाण्याचे तापमान ३१ अंशांपर्यंत जाते. दिवा मी दहा तास लावते. दुकानदाराचे म्हणणे असे की दिवा कमी पडतो आहे, आणखी एक लावा. तो खर्च करण्यापूर्वी आपणा अनुभवी मंडळींचे मत घ्यावे, म्हणून हा प्रश्न विचारत आहे.


पाणवठा (पुणे)

ताई, दुसरा दिवा तूर्त घेऊ नका. जी माहिती तुम्ही दिली आहे तिच्यात उत्तर बहुतांशी आलेलेच आहे. मात्र त्याआधी तुमच्या तिन्ही जुड्या एकाच जातीच्या आहेत का, हे पाहावे लागेल. मला तशी शंका आहे.

आपल्याकडे दुकानांत पिसासारखे जे जे हिरवे दिसते ते सारे काबोम्बा या एकाच नावाने विकले जाते. प्रत्यक्षात त्यात निदान चार वेगवेगळ्या वनस्पती असतात. एक काडी पांढऱ्या बशीतील पाण्यात आडवी ठेवा आणि एका पेराकडे, म्हणजे पाने जिथून फुटतात त्या सांध्याकडे, नीट पाहा. पेरावर समोरासमोर दोनच पाने असतील, प्रत्येक पानाला आखूड देठ असेल आणि देठाच्या टोकापासून पान पंख्यासारखे चिरत गेले असेल, तर तो खरा काबोम्बा. पेराभोवती अनेक पाने गोल वेढा घालून बसली असतील, त्यांना देठ नसेल आणि वरून पाहताना शेंडा उघड्या छत्रीसारखा दिसत असेल, तर ती अंबुलिया, म्हणजे लिम्नोफिला सेसिलिफ्लोरा. पाने वेढ्यातच आहेत, पण प्रत्येक पानाला मधोमध शीर असून दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यासारखे धागे आहेत, तर ते मिरिओफिलम होय. पाने हाताला खरखरीत लागत असतील, टोकाशी दुभंगलेली असतील आणि काडीला मुळे मुळीच नसतील, तर ते हॉर्नवर्ट समजा.

हा भेद केवळ नावाचा नाही. काबोम्बा हा मुळात अमेरिका खंडातला. कुमुदिनीचा लांबचा नातलग. त्याला मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. सामू ७ च्या वर गेला की त्याची वाढ मंदावते आणि ८ च्या पुढे गेल्यावर काड्या पाने टाकू लागतात. तुमचा सामू ८.२ आहे. शिवाय आपल्याकडे सर्वाधिक मिळणारा हिरवा काबोम्बा २५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात सुखी असतो. ३१ अंश त्याला सोसत नाहीत. म्हणजे त्याच्या नावडीच्या दोन गोष्टी तुमच्या टाकीत एकाच वेळी हजर आहेत. अशा स्थितीत दुसरा दिवा लावाल, तर झाड सुधारणार नाही. जे अन्न झाड घेऊ शकत नाही ते शेवाळ घेईल आणि महिनाभरात काचा खरवडत बसावे लागेल.

अंबुलियाचे तसे नाही. ती भारतासह दक्षिण आणि आग्नेय आशियातली आहे. तिच्या वंशातल्या इतर जाती आपल्याकडे कोकणातल्या भातखाचरांत आणि डबक्यांत पावसाळ्यात उगवतात. वंशाच्या लिम्नोफिला या ग्रीक नावाचा अर्थच तळ्याची आवड असणारी असा आहे, आणि ब्राह्मी व इसबगोल हे तिच्याच कुळातले. ती जड पाणी आणि उन्हाळा दोन्ही बऱ्यापैकी सहन करते. तुमची टिकून राहिलेली तिसरी जुडी बहुधा अंबुलियाची निघेल. पाहून सांगावे.

आता लागवडीविषयी, कारण चूक तिथेही झालेली आहे. शिशाची पट्टी ही दुकानातल्या हौदात जुडी बुडून राहावी म्हणून असते; ती तशीच ठेवून लावायचे नसते. पट्टीखाली काड्या चेंगरतात, तो भाग कुजतो आणि कूज वर चढते. शिवाय कोथिंबिरीच्या जुडीसारख्या दहा काड्या एकत्र खोचल्या, तर मधल्या काड्यांच्या खालच्या पानांना उजेड पोहोचतच नाही. पट्टी काढून टाका, प्रत्येक काडीचा खालचा चेंगरलेला भाग धारदार कात्रीने कापा, खालच्या दोन-तीन पेरांवरची पाने हलकेच काढा आणि एकेक काडी लांब चिमट्याने वाळूत किंचित तिरकी रोवा. दोन काड्यांत ३ सेंटिमीटर अंतर असू द्या. मुळे पेरांतून फुटतात, म्हणून दोन तरी पेरे वाळूखाली गेली पाहिजेत. पहिल्याच दिवशी काही काड्या सुटून वर तरंगतील. त्या न कंटाळता पुन्हा लावाव्यात. आमच्या घरी या कामाला भातलावणी म्हणतात.


निळी शाई (पुणे)

आपण सांगितल्याप्रमाणे बशीत काड्या ठेवून भिंगाखाली पाहिल्या. दोन जुड्यांत समोरासमोर देठवाली दोनच पाने आहेत. तिसऱ्या जुडीत पेराभोवती आठ-नऊ पानांचा वेढा आहे आणि देठ नाही. तिघींचे दर आणि नाव एकच होते! तिसऱ्या जुडीची बुडाजवळची काही पाने मात्र पिसासारखी नसून रुंद आणि दातेरी कडांची आहेत. हा काही रोग आहे का?

सोसायटीत पाणी मऊ करण्याचे यंत्र बसवलेले आहे. त्या यंत्रातले पाणी वापरले तर काबोम्बा वाचेल का, हेही कृपया सांगावे.


पाणवठा (पुणे)

तो रोग नाही. अंबुलिया दोन रूपांत वाढते. रोपवाटिकेत ती अनेकदा ओल्या मातीत, पाण्याबाहेर वाढवलेली असते. तेव्हा तिला रुंद, दातेरी पाने येतात. पाण्याखाली गेल्यावर नव्या फुटीला पिसासारखी पाने येतात आणि जुनी हवेतली पाने दोन-तीन आठवड्यांत गळून जातात. ही गळ नैसर्गिक आहे. नवा शेंडा कसा येतो आहे, तेवढे पाहावे; जुन्या पानांचा शोक करू नये.

सोसायटीतल्या यंत्राचे पाणी वापरू नका. ते यंत्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेते आणि त्यांच्या जागी सोडियम सोडते. बादलीत साबणाला फेस चांगला येतो, नळावर पांढरे डाग पडत नाहीत, पण टीडीएस होता तेवढाच राहतो, सामूही खाली येत नाही आणि वनस्पतींना लागणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम तेवढे निघून जाते. त्याऐवजी घरातल्या आरओचे शुद्ध पाणी आणि बोअरचे पाणी निम्मे-निम्मे मिसळावे. आरओचा टीडीएस ३० च्या आसपास असेल, तर मिश्रणाचा साधारण ४०० येईल. गप्पींना आणि कोळंब्यांना थोडे खनिज लागतेच, त्यामुळे केवळ आरओचे पाणी घालू नये. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी तर अजिबात नको; त्यात क्षार अधिकच दाटलेले असतात. बदल एका दिवसात करू नका; दर आठवड्याला टाकीतले चौथा हिस्सा पाणी काढून त्याजागी हे मिश्रण भरत गेलात, तर मासे आणि झाडे दोघांनाही धक्का बसणार नाही. पावसाळ्यात पहिल्या काही सरी सोडून गच्चीवर साठवलेले पाणीही आरओच्या जागी चालते, आणि ते फुकट असते.

एवढे करूनही मी तुम्हाला काबोम्बाचा नाद सोडा असेच म्हणेन.


खिडकीतली बाग (दादर, मुंबई)

‘पाणवठा’ यांचे बहुतेक सर्व म्हणणे मान्य आहे, परंतु काबोम्बावर त्यांनी सरसकट फुली मारली आहे, ती मला पटत नाही. माझ्याकडे तीन वर्षे हिरवा काबोम्बा नीट वाढतो आहे. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या धरणांचे मऊ पाणी मिळते, त्यामुळे सामूचा प्रश्न मला मुळातच नाही. प्रश्न उरतो तो उष्णतेचा. त्यासाठी मी टाकीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावतो. बाष्पीभवनामुळे तापमान दोन अंशांनी तरी उतरते. तुमच्या पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय आमच्या दमट हवेपेक्षा अधिक गुणकारी ठरेल. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी: उडून जाते ते पाणी, क्षार टाकीतच राहतात. म्हणून रोजची तूट भरून काढताना आरओचेच पाणी घालावे. बोअरचे घालत राहिलात तर महिन्याभरात टीडीएस पुन्हा चढलेला दिसेल.

दिव्याविषयी. दहा तास जास्त होतात. साध्या टायमरवर आठ तास ठेवावेत आणि पहिल्या पंधरवड्यात सहाच. दोन फुटी टाकीवर १८ वॅटचा एलईडी या वनस्पतींना पुरतो. खालची पाने गळण्याचे एक कारण उजेडाचे असते हे खरे, पण ते निराळ्या रीतीने: काड्या पाण्याच्या पृष्ठभागाला टेकल्या की आडव्या पसरतात आणि स्वतःच्याच बुडावर सावली धरतात. त्यावर उपाय कात्री हाच आहे. शेंडा पृष्ठभागापासून चार बोटे खाली असतानाच वरचा १२ ते १५ सेंटिमीटरचा तुकडा पेराच्या किंचित वर कापावा आणि तो शेंडा नवी काडी म्हणून रोवावा. उरलेल्या बुंध्याला कापाखालच्या पेरातून दोन फुटवे येतात. असे तीन-चार वेळा केले की झालर दाट होते. बुंधे फारच उघडे-बोडके झाले, तर मात्र त्यांच्याकडून आशा धरू नये. ते उपटून टाकावेत आणि केवळ शेंडे ठेवावेत. तुळशीची मंजिरी खुडताना हात कचरत नाही, पण विकत आणलेल्या झाडाला कात्री लावताना कचरतो, आणि तिथेच बहुतेकांची झालर बिघडते.

लाल काबोम्बा कुणी सुचवला, तर घेऊ नका. तो उष्णता सोसतो. पण त्याला प्रखर उजेड आणि पाण्यात वेगळा सोडलेला कार्बन डायऑक्साइड, दोन्ही लागतात.


डाळिंबबाग (सांगोला)

मी माशांमधला तज्ज्ञ नाही. मुलासाठी टाकी घेतली आणि तिच्यात शेतातलीच विद्या चालवली, म्हणून चार ओळी लिहितो. ताईंनी तिसऱ्या जुडीचे शेंडे फिकट पिवळे पडल्याचे लिहिले आहे, त्याकडे कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

कमतरता कशाची आहे, हे पिवळेपणा कोणत्या पानांवर आधी येतो त्यावरून ओळखता येते. नत्र आणि पालाश ही अन्नद्रव्ये झाडाच्या अंगात हलू शकतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून शेंड्याला पुरवते, म्हणून खालची पाने आधी बिघडतात. लोह हलत नाही. ते कमी पडले की थेट शेंडा फिकट होतो. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो, म्हणजे कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात, ती यामुळेच. जमिनीत लोह नसते असे नाही, सामू जास्त असल्यामुळे ते पिकाला उचलता येत नाही. ८.२ सामूच्या टाकीतही तेच चालले आहे.

कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा विरघळत्या रूपात बांधून ठेवलेले लोह, पुडीत मिळते. सर्रास मिळणारे फेरस ईडीटीए १२ टक्क्यांचे असते, पण ते सामू ६.५ च्या पुढे फार काळ टिकत नाही. डीटीपीए प्रकारचे मिळाले तर ते ७.५ पर्यंत बरे चालते. आरओचे पाणी मिसळून सामू थोडा उतरला की त्याचा उपयोग वाढेल. मी १२ टक्क्यांची ५ ग्रॅम पूड अर्धा लिटर आरओच्या पाण्यात विरघळवून काळ्या बाटलीत ठेवतो, कारण उजेडात चिलेट खराब होते. ताईंच्या टाकीत प्रत्यक्ष पाणी ५५ ते ६० लिटर असेल असे धरले, तर या द्रावणाचे ५ मिलिलिटर घातल्यावर लोहाचे प्रमाण लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमने वाढते. आठवड्यातून दोनदा तेवढे पुरे. वापरत असलेल्या पुडीची टक्केवारी वेगळी असेल, तर हिशेब त्याप्रमाणे बदलावा.

नत्र आणि पालाश यांसाठी १३:००:४५ (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या टक्केवारीचे), म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ५० ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवले, तर त्याच्या ५ मिलिलिटरमध्ये अर्धा ग्रॅम खत येते आणि तेवढ्याने या टाकीत लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅम नायट्रेट वाढते. आधी चाचणी संचाने नायट्रेट मोजा. १० ते २० च्या दरम्यान असेल, तर आठ गप्पींच्या विष्ठेतूनच झाडांची गरज भागते आहे आणि बाटली उघडण्याचेही कारण नाही. स्फुरद माशांच्या खाद्यातून येते, म्हणून ००:५२:३४ च्या वाटेला जाण्याची गरज सहसा पडत नाही.

घरात शेतीची खते असणाऱ्यांसाठी कळकळीची सूचना: १९:१९:१९ किंवा युरिया टाकीत घालू नये. त्यांतल्या नत्राचा मोठा भाग युरिया किंवा अमोनियाच्या रूपात असतो. सामू ८ च्या वर असताना पाण्यातला अमोनिया माशांना अधिकच विषारी ठरतो, त्यामुळे मासे एका रात्रीत दगावू शकतात. तसेच सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्र पुडीवर तांब्याचे प्रमाण वाचल्याशिवाय ती वापरू नये. माशांना न बाधणारे तांबे कोळंब्यांना बाधते.


परसदार (न्यू जर्सी)

अंबुलियाची एवढी स्तुती वाचून गंमत वाटली, कारण आम्ही जिथे राहतो तिथे ती ठेवणे अडचणीचे आहे. लिम्नोफिला सेसिलिफ्लोरा अमेरिकेच्या केंद्रीय उपद्रवी तणांच्या यादीत आहे. परवान्याशिवाय ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. उलट काबोम्बाची हिरवी जात याच देशाच्या आग्नेय भागातली आहे. तीच जात युरोपीय संघाने २०१६ साली आक्रमक परकीय प्रजातींच्या पहिल्या यादीत घातली, आणि ऑस्ट्रेलियात ती राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांत मोडते. जिथली वनस्पती तिथे ती गुणी, बाहेर पडली की तण. म्हणून अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी हा धागा वाचून लगेच अंबुलियाची मागणी नोंदवू नये. आधी नियम पाहावेत. पुण्यातून सुट्टीहून परतताना सामानात काडी घालून आणण्याचा तर विचारही नको.


पाणवठा (पुणे)

‘परसदार’ यांनी फार महत्त्वाचा विषय काढला. आपल्याकडचे उदाहरण केरळात आहे. कोळिकोड जिल्ह्यात पेराम्ब्राजवळ आवळा पांडी येथील कालवा नोव्हेंबर २०२० मध्ये गुलाबी फुलांनी भरून गेला आणि ती छायाचित्रे पाहून लोकांची झुंबड उडाली. ती फुले लाल काबोम्बाची होती, म्हणजे दक्षिण अमेरिकेतून आलेल्या मत्स्यालयातल्या वनस्पतीची. फुले देखणी असली, तरी खालचे दाट जाळे प्रवाह अडवते आणि स्थानिक वनस्पतींचा उजेड खाते. या वनस्पतीला बियांचीही गरज नसते. पेर असलेला एक तुकडा पाण्यात पडला की पुरे.

‘खिडकीतली बाग’ यांच्या आक्षेपाबद्दल: तुमचे म्हणणे मुंबईच्या पाण्यापुरते मान्य. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घराला मात्र मी पहिली झालर अंबुलियाचीच सुचवेन. ‘डाळिंबबाग’ यांचे लोहाचे निदान मलाही योग्य वाटते. शेंडे पिवळे असल्याचे मी वाचूनही सोडून दिले होते.


निळी शाई (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी कळवते आहे. पाणी हळूहळू बदलले. आता टीडीएस ४६० आणि सामू ७.६ आहे. छोटा पंखा लावल्यावर दुपारचे तापमान २८ अंशांवर थांबते. दिवा आठ तास. नायट्रेट १५ निघाले, म्हणून फक्त लोह दिले. डीटीपीए मिळाले नाही, ईडीटीएच वापरले. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस अंबुलियाचे नवे शेंडे हिरवे आले. एका जुडीतल्या नऊ काड्यांच्या आता सव्वीस झाल्या आहेत, आणि वाळूखालून एक आडवा धुमारा निघून पुढच्या काचेपाशी पोहोचला आहे. तो ठेवावा की कापावा, हे अजून ठरलेले नाही. काबोम्बाच्या दोन जुड्यांतून सहा शेंडे वाचले. ते वेगळ्या बरणीत, आरओचे प्रमाण अधिक असलेल्या पाण्यात ठेवले आहेत. वाढतात, पण अगदी सावकाश.

छाटणीतून दर आठवड्याला ओंजळभर काड्या निघतात. त्या नाल्यात किंवा सोसायटीच्या कारंज्यात न टाकता गच्चीवर कडक उन्हात चार दिवस वाळवते आणि मग कुंडीतल्या कंपोस्टमध्ये मिसळते. दुकानदाराला पानांतला फरक बशीत दाखवून आले. त्यांनी तो लक्षपूर्वक पाहिला आणि फलक होता तसाच ठेवला.


पाणवठा (पुणे)

धुमारा ठेवा. पुढे आलेला भाग कापून मागे लावला की झाले. येत्या रविवारी जास्तीच्या काड्या असतील, तर चार मला द्याव्यात. माझी अंबुलिया मागच्या महिन्यात गोल्डफिशने फस्त केली, आणि ती चूक सर्वस्वी माझीच होती.